बारा कोसांच्या आत

"बाई, उठा! अहो, उठा आधी — तुम्ही तीन मैलांवर बसलाय!"

मायाक्कानं दचकून मान वळवली. सोलापूर-पुणे रस्त्यानं, बाळे गावच्या खंडोबाच्या देवळाकडून एक तरुण पळत येत होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुंचला, टोपी मागं सरकलेली आणि तोंडावर सगळी घाबरगुंडी.

"काय म्हणालात?"

"तीन मैल! त्या दगडाचा रंग ओला आहे!"

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. रोज सकाळी टांग्याची वाट बघत ती ज्या फुटक्या दगडावर बसायची, तो आज फुटका नव्हताच. कुणीतरी जुना उपटून नवा कोरा बसवला होता, पांढराफेक. आणि त्याच्या तोंडावर तेलरंगानं काढलेला काळाभोर तीन... अर्धा दगडावर होता, अर्धा तिच्या लुगड्याच्या मागच्या बाजूला, पोटरीशी. तोही उलटा!

"हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"मी?" तो धापा टाकत थांबला. "दगड जागच्या जागी होता, बाई. चालत तुम्ही आलात."

मायाक्काला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. शाळेच्या बाईनं रस्त्यात हसायचं नसतं. तेवढ्यात टांगा आला, आणि पाठ रस्त्याकडं होणार नाही अशा बेतानं ती त्यात चढली. तो मात्र कुंचला हातात धरून टांगा दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा होता. हे तिनं मागं वळून पाहिलं नसतं तर तिला कसं कळलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या उर्दू शिकवणाऱ्या सुगराबीनं विचारलं, "काय गं मायाक्का, परीक्षेत तीनच मार्क पडले का काय तुला?"

आता मायाक्काला असं विचारणं म्हणजे काय, ते ऐका. ज्ञानबा बंडगर या धनगराची ती एकुलती एक लेक. बाळ्याच्या माळावर, तिसऱ्या मैलाच्या दगडाच्या अगदी समोर, ज्ञानबाचा मेंढरांचा वाडा आणि त्याला लागून घर. पोरगी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली, त्या दिवसापासून ज्ञानबाची मान जी ताठ झाली ती झालीच. मंगळवारच्या बाजारात घोंगडी विकायला बसला, की गिऱ्हाइकाला आधी लेकीची हकिकत ऐकावी लागायची, मग घोंगडं बघायला मिळायचं. "आमची मायाक्का मास्तरीन हाय. लाखाकोटीचा हिशेब तोंडावर करती. अजून येक आकडा चुकला न्हाय तिचा!"

आणि खरंच चुकला नव्हता. एकोणीसशे चौतीस साल होतं. अख्ख्या माळावर शाळेत जाणारी पोरगी ही एकटी, आणि आता शिकवणारीही हीच. आकड्याच्या बाबतीत मायाक्का कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तो तिचा ताठा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

दुसऱ्या दिवशी तो दगडापाशी हजर. या खेपेला हातात घासलेटची बाटली आणि चिंधी.

"तेलरंगाचा डाग घासलेटनं जातो."

"लुगडं घरी आहे."

"मग उद्या आणा."

"उद्या विसरले तर?"

"मी परवा येईन की. सरकारी काम आहे. डाग पडलाय सरकारी रंगाचा."

त्याचं नाव सिद्धनाथ. रस्तेखात्यात मिस्त्री होता. सोलापूरपासून मोहोळच्या पुढंपर्यंत मैलाचे नवे दगड बसवायचे, रंगवायचे, आकडे टाकायचे, हे त्याचं या हिवाळ्याचं काम. बोलायचा पुस्तकी, कचेरीतल्यासारखं. पण डोळे मात्र अजिबात पुस्तकी नव्हते.

"शाळेत काय शिकवता?" त्यानं एकदा विचारलं.

"सध्या? लांबीची कोष्टकं."

"म्हणजे आमचंच खातं! मैल, फर्लांग..."

"तुमचं खातं लहान आहे," मायाक्का हनुवटी वर करून म्हणाली. "तुमचं मैलापाशी संपतं. आमचं जवाच्या दाण्यापासून निघतं आणि योजनाला जाऊन पोचतं. आठ जवांचं अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस, चार कोसांचं योजन."

सगळं एका दमात. तो नुसता बघत राहिला.

"परत एकदा म्हणा."

"का? कळलं नाही?"

"कळलं. पण ऐकायला बरं वाटलं."

तेवढ्यात टांगा आला, आणि मायाक्का नेहमीपेक्षा लगबगीनं त्यात चढली. 

पुढच्या सकाळी त्यानं तिला बसूसुद्धा दिलं नाही. "एका योजनाचे हात बत्तीस हजार. अंगुळं सात लाख अडुसष्ट हजार. जव एकसष्ट लाख चव्वेचाळीस हजार. आहे का बरोबर?"

"आहे."

"मग बक्षीस?"

"आणखी एक गणित. सूर्य आपल्यापासून नऊ कोटी तीस लाख मैल. धनगर मेंढरं घेऊन दिवसाला एक योजन चालतो, आठ मैल धरा. सूर्यावर कधी पोचेल?"

सिद्धनाथनं डोळे मिटले, बोटं हलवली, ओठ हलवले. जोंधळ्याच्या ओल्या ताटांवरून थंड वारा येत होता, कुठंतरी हुरडा भाजत होते त्याचा वास होता. आणि मायाक्का, तो डोळे मिटून आहे तोवर, निवांत त्याच्याकडं बघून घेत होती.

"एक कोटी सोळा लाख पंचवीस हजार दिवस," तो डोळे उघडून म्हणाला. "बत्तीस हजार वर्षं म्हणा की. मेंढरं म्हातारी होतील, बाई."

"सूर्य तर जवळ आहे. ताऱ्यांना मैल पुरत नाहीत, योजनंही पुरत नाहीत. तिथं उजेड वर्षभर जितका धावेल तेवढ्याचं एक माप धरतात. सगळ्यात जवळचा तारासुद्धा तसल्या चार मापांच्या पलीकडं आहे."

"म्हणजे लांबी वर्षांनी मोजायची?"

"इलाज नसला की वेळेनंच मोजायची."

"बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "मलासुद्धा हितनं उद्या सकाळपर्यंतचं अंतर लई लांब वाटतंय."

'हितनं'! 'लई'! मायाक्कानं बरोबर पकडलं.

"मिस्त्री, तुमची कचेरीची भाषा पडली खाली."

तो कानापर्यंत लाल झाला. "आमी... आम्ही घरात असंच बोलतो. मेटकरी आम्ही. मेंढरंच आहेत घरी. शिकलो म्हणून दगडाला लागलो."

मेटकरी! म्हणजे आपल्यातलाच की!  त्या दिवशी टांग्यातून तिनं उघड उघड मागं वळून पाहिलं. लपवायचं काही कारणच उरलं नव्हतं.

मग काय विचारता! दगड पुढं पुढं जात होते. चार झाला, सात झाला, बारा झाला, मोहोळ मागं पडलं. पण मिस्त्रीचं तिसऱ्या दगडाशी काहीतरी काम राहूनच जायचं. कधी आकड्याची शेपूट सरळ करायची, कधी पांढऱ्यावर पांढरा फिरवायचा. अख्ख्या जिल्ह्यात एवढा रंगवलेला दगड दुसरा नसेल. त्यावर इतके थर चढले होते, की दगड बाळसं धरल्यागत दिसायला लागला. आणि लुगड्यावरचा तो उलटा तीन? मायाक्कानं लुगडं काही आणलं नाही, त्याच्या घासलेटची बाटली काही उघडली नाही. उलट दर शनिवारी ती नेमकं तेच लुगडं नेसायची.

गणितं चालूच होती. एकदा तो कपाळाला आठ्या घालून आला. "बाई, तुमच्या कोष्टकात गडबड आहे. हात दीड फुटाचा धरला तर आठ हजार हातांचे बारा हजार फूट होतात. म्हणजे कोस सव्वादोन मैलांच्या वर गेला. आणि तुम्ही शाळेत दोन मैलांचा कोस शिकवता!"

"पडताळून पाहिलंत?" मायाक्काला असं कौतुक वाटलं, की ते तिच्या तोंडावर दिसलंच. एवढ्या वर्षांत एकाही पोरीनं, एकाही मास्तरानं हे विचारलं नव्हतं. "कोष्टकातला कोस मोठा आहे. लोकांच्या पायांतला कोस लहान, दोन मैलांचा. आमचे आबा तोच धरतात."

त्या सांजेला तिनं घरी ताऱ्यांचं माप सांगितलं. ज्ञानबा भाकरी मोडता मोडता थांबला आणि मांडीवर थाप मारून हसला.

"म्हंजी सायबबी धनगरावानीच मोजत्यात म्हन की! आमालाबी कुनी इचारलं किती लांब हाय, तर आमी सांगतो — येका दिसाची वाट. ऐकलंस का केराबाई? तुझी लेक ताऱ्यापतुर गेली!"

"ताऱ्यापतुर गेली खरी," केराबाई चुलीपुढून म्हणाली, "पन हल्ली तिसऱ्या दगडाम्होरं जाईना झालीया."

मायाक्का मान खाली घालून भाकरी मोडायला लागली. आईच्या डोळ्यांतून काय सुटतंय!

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठली, आणि एका शनिवारी सिद्धनाथ रिकाम्या हातानं आला. डबा नाही, कुंचला नाही. डोक्यावर धुतलेली टोपी.

"आज काय रंगवायचं नाही?"

"न्हाई." मग जरा थांबून, दगडाकडं बघत, "आई इचारती... आई विचारते आहे... कुणाच्या घरी शब्द टाकायचा म्हणून."

"मग?"

"मग मी म्हणालो... आधी जिचं तिला विचारतो."

उन्हं अजून तिरपी होती. दगडाची सावली रस्त्यापार गेली होती. मायाक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तुमचं गाव कितव्या दगडाशी?" तिनं विचारलं. लाडात, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"सत्तावीस!" त्याची छाती फुगली. "आमच्या वाडीच्या वेशीतच हाय सत्ताविसावा. सोता बसवलाय म्या!"

सत्तावीस. मायाक्काच्या डोक्यात भागाकार आपोआप झाला, कुणी सांगावं लागत नाही अशा बायांना. सत्तावीस भागिले दोन. साडेतेरा. तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विझलं.

"काय झालं?"

"साडेतेरा कोस झाले, मिस्त्री. आबांचा बोल बारा कोसांचा आहे."

मग तिनं सांगितलं. ज्ञानबाला एक धाकटी बहीण होती, म्हाळसा. तिला दिली होती विजापूरच्या पलीकडं. तिथं ती तापानं पडली. सांगावा आला तसा ज्ञानबा उठला आणि दोन दिवस चालला. पोचला तेव्हा तिच्या मातीवरचा गुलालसुद्धा सुकला होता. तिथून परतून त्यानं बिरुदेवापुढं भंडारा उचलला होता: माझी लेक बारा कोसांच्या आत देईन, एक पाऊल पलीकडं नाही. मायाक्का त्या वेळी पाळण्यात होती.

सिद्धनाथनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग एकदम त्याचे डोळे चमकले.

"थांबा! कोस कुठला? कोष्टकातला धरा की! मैलाचे हात तीन हजार पाचशे वीस. सत्तावीस मैलांचे पंचाण्णव हजार चाळीस. आणि बारा कोसांचे शहाण्णव हजार! अहो, नऊशे साठ हात अजून शिल्लक राहतात! तुमच्याच कोष्टकानं आमची वाडी बारा कोसांच्या आत हाय!"

हिशेब बिनचूक होता. मायाक्कानं मनात दोनदा तपासला. एवढंच घरी जाऊन म्हणायचं होतं — आबा, वाडी बारा कोसांच्या आत आहे. आबांनी पुढं एक अक्षर विचारलं नसतं. लेकीचा आकडा कधी चुकला नव्हता ना!

आणि म्हणूनच तिला ते म्हणता येईना.

"नाही," ती म्हणाली. "आबांनी कोष्टकातल्या कोसावर भंडारा नाही उचलला. त्यांच्या पायांतल्या कोसावर उचलला."

"पण शास्त्रातला कोस खोटा आहे का?"

"खोटा नाही. पण आबांना ठाऊक नसलेला आहे. त्यांना जे ठाऊक नाही त्यावर मी त्यांचा होकार घेऊ? माझा आकडा ते डोळे मिटून खरा मानतात, मिस्त्री. मीच त्यांना आकड्यात बांधलं, तर माझ्यापाशी राहिलं काय?"

"आणि माझ्यापाशी?" त्याचा आवाज चढला, आणि मग बसला. "तुमचा ताठा मोठा का मी मोठा, ते तरी सांगा."

"तुमी मोठं," मायाक्का म्हणाली, आणि तिची शाळेची भाषा कुठल्या कुठं गेली. "लई मोठं. मला तुमीच पायजे. पन फसवून न्हाय."

टांगा आला. ती बसली. आज मागं वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

त्या दिवशी शाळेत मायाक्काबाईंनी फळ्यावर सात आठे चौपन्न लिहिले. पोरी आधी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि मग सगळ्या एकदम खाली मान घालून बसल्या.

दिवे लागायच्या आधीच तिनं बापाला सगळं सांगून टाकलं. काही ठेवलं नाही. मिस्त्री सांगितला, दगड सांगितला, वाडी सांगितली. कोष्टकाच्या कोसानं वाडी आत येते, तुमच्या कोसानं साडेतेरावर जाते, हेही सांगितलं. "बोल तुमचा हाय आबा. तवा कोसबी तुमचाच."

ज्ञानबानं घोंगड्यावरची लोकर झटकली. परत एकदा झटकली.

"पोरगं कसं हाय?" शेवटी त्यानं विचारलं.

"चांगलं हाय. माझं गनित पडताळून बघतं."

"अरं तिच्या!" ज्ञानबा म्हणाला आणि उठून वाड्याकडं गेला. त्याच्या डोळ्यांना पाणी होतं, पण ते कशाचं ते मायाक्काला कळलं नाही. केराबाईला कळलं असावं. ती म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर त्येला कळलंबी नसतं. म्हून रडतोय त्यो. अभिमानानं."

"पन देनार न्हाय की!"

"देव हाय मधी, बाई. मी काय बोलू?"

आयतवारी उजाडलं, दिवस वर आला, आणि ज्ञानबा घरात नव्हता. काठी नव्हती, खांद्यावरचं घोंगडं नव्हतं. केराबाईला एवढंच सांगून गेला होता, "जरा जाऊन येतो." सांज झाली तरी आला नाही. सोमवारी शाळेत जाताना मायाक्कानं रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघितलं. तिसऱ्या दगडापाशी कुणी नव्हतं, ना बाप, ना मिस्त्री. मुद्दाम नाही, पण हाताला आलं तेच लुगडं नेसली होती ती. शनिवार नसताना.

शाळा सुटली आणि ती टांग्यानं परतली. दगडाशी उतरली, आणि घराकडं वळायच्या आधी तिनं मोहोळच्या बाजूला सहज नजर टाकली.

दोन माणसं येत होती. पुढं एक म्हातारा, काठी नुसती खांद्यावर टाकलेली, ढांगा अशा टाकत होता, की काठीची त्याला गरजच नाही. मागं पन्नास हातांवर एक तरुण, एक पाय टाचेवर, एक पाय चवड्यावर, ओणवा होत, थांबत, परत पळत.

"आबा!"

"चल की रं लौकर!" ज्ञानबानं मागं वळून हाळी दिली. "मैलाचं दगड बसवतोस आन् मैल चालता येईना व्हय तुला?"

सिद्धनाथ दगडापाशी आला आणि दगडाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पायांना फोड आले होते. तोंड उन्हानं काळवंडलं होतं. आणि हसत होता! 

"काल..." तो धापा टाकत सांगू लागला, "काल मी सत्ताविसाव्याला रंगाचा दुसरा हात देत होतो. शेजारी पाणी प्यायला गेलो. येऊन बघतो तर ह्ये दगडावर बसल्यालं. म्हटलं, आजोबा उठा, सत्तावीस मैलांवर बसलाय तुमी! तर म्हनत्यात, 'तूच त्यो रंगवाला व्हय?'"

"सूर्य उगवताना हितनं निघालो," ज्ञानबा मायाक्काकडं बघत म्हणाला. "म्हाळसाकडं पोचलो न्हाय, ह्यो घोर हाय माझा, पोरी. बारा कोस म्या तोंडानं म्हनलो. मनात येवढंच हुतं, की लेकीचा सांगावा आला, तर दिस मावळायच्या आत तिच्या दारात पाय पडाया पायजे. म्हून जाऊन बघितलं. त्येंच्या दारात पाय ठिवला, तवा दिस कासराभर वर हुता. कासराभर!" त्यानं दोन्ही हात पसरून दोराची लांबी दाखवली. "त्येच्या आयनं चहा केला, त्यो पिऊन झाला तरी उजेड हुता."

"आणि ह्यांना का चालवलंत, आबा?"

"व्वा! मी येकटाच जानार व्हय? तुला म्हायारी यावंसं वाटलं तर तुला घिऊन ह्यानं नगं यायला येका दिसात? बघून घेतला त्याला. आला. लंगडत आला, पन दिस असताना आला." मग त्यानं काठी जमिनीवर टेकली आणि डोकं खाजवलं. "पर येक सांग मला. बारा कोस म्या लई येळा चाललोय. हे बारा कोसच हुतं, माझ्या पायाला कळतं. तू साडेतेरा सांगितलंस. तुझं गनित कवा चुकत न्हाय. मग ह्यो दीड कोस गेला कुटं?"

मायाक्कानं सिद्धनाथकडं बघितलं. सिद्धनाथनं मायाक्काकडं बघितलं. सत्तावीस भागिले दोन साडेतेराच. शंका घ्यायला जागाच नाही.

"असंल कुटंतरी," म्हणत ज्ञानबा घराकडं वळला, आणि मायाक्काला त्याच्या धोतराची मागची बाजू दिसली. पांढऱ्या धोतरावर, पोटऱ्यांशी, काळ्या तेलरंगात, ठसठशीत, उलटा — सत्तावीस.

तिनं मान खाली घातली. तिच्या लुगड्यावर, त्याच जागी, उलटा — तीन.

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारून घेतला.

सिद्धनाथची नजर धोतरावरून लुगड्यावर आली, लुगड्यावरून दगडावर आली, आणि त्यानं दगड सोडून डोकंच धरलं. "तीन! अहो, तीन वजा करायचे राहिले! दगड सोलापूरपासून मोजलेत आणि तुमी राहता तिसऱ्या दगडावर!"

इतके दिवस! इतके दिवस दोघं त्याच दगडाला टेकून योजनाचे जव मोजत होते, ताऱ्यांची वर्षं मोजत होते. त्यानं त्या तिनावर थरावर थर चढवले, तिनं तो तीन अंगावर मिरवला, आणि हिशेबात तेवढा एकच आकडा दोघांनीही धरला नाही! मायाक्का हसायला लागली ती थांबेचना. शाळेच्या बाईनं रस्त्यात हसायचं नसतं, पण आज ती पोट धरून हसली, डोळे पुसत हसली.

"काय गं? काय झालं?" ज्ञानबा परत फिरला.

मायाक्कानं श्वास घेतला. पदर सावरला, हनुवटी वर केली. फळ्यापुढं उभी राहते तशी बापापुढं उभी राहिली.

"आबा, माझं गनित चुकलं. तुमच्याम्होरं पयल्यांदा चुकलं. सत्तावीस वजा तीन, चोवीस मैल. बारा कोस झालं. येक पाऊलबी पलीकडं न्हाय."

"कुनाच्या कोसानं गं?" ज्ञानबानं डोळे बारीक करून विचारलं.

"तुमच्या," मायाक्का म्हणाली.

ज्ञानबाची मान हळूहळू अशी ताठ झाली, की फेटा मागं कलला. तो घराच्या रोखानं चालायला लागला, आणि वाड्यापाशी पोचायच्या आधीच त्याचा आवाज माळावर घुमला: "केराबाई! भंडारा काड! लेकीचं गनित चुकलं आपल्या!" असा अभिमान, की कुणाला वाटावं पोरगी पुन्हा एकदा पास झाली.

सिद्धनाथ दगडापाशी तसाच उभा होता. "मायाक्का," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "मी जरा बसू का? पाय लई दुखत्यात."

"थांबा," ती म्हणाली. तिनं वाकून दगडाच्या आकड्यावर बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. कोरडं होतं. "बसा आता. आन् जरा सरकून बसा."

सूर्य अजून कासराभर वर होता.